वन्सं आणि वरातीची घोडी

पोळ्याच्या दिवशी घोडी अंगणात आडवी पडली होती. पोट फुगून डफासारखं ताणलं होतं. चारी पाय हवेत झाडत ती मान वळवून स्वतःच्याच कुशीला चावायला बघत होती. वन्सं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून चिखलात बसल्या होत्या. मघाशी घोडीनं लोळण घेतली ती थेट तुळशीच्या कट्ट्यावर धडकली होती आणि कट्ट्याची वरची वीट खाली आली होती.

“दादा, किती पोळ्या घातल्या?” वन्संनी विचारलं.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे यजमान. ते गोठ्याच्या खांबाला धरून उभे होते.

“म्या एकच घातली.”

“तुमी एक. आन् गावानं?”

हे खांबाला टेकले. खाली बघत राहिले. अंगणाच्या कडेला बाया उभ्या होत्या, त्याही खाली बघत राहिल्या. कुणाच्या हातात रिकामं ताट होतं, ते तिनं पदराआड घेतलं.

“दादा, ही गेली तर तुमच्या घरचं पानी म्या पिनार न्हाई. आत्ताच सांगून ठेवते. दोन लुगडी घेईन आन् जाईन.”

“कुठं जाशील?”

“ते तुमाला कशाला सांगू? जाईन.”

ही धमकी नव्हती. वन्सं एक घर सोडून आलेल्या होत्या, त्यांना सोडता येत होतं. ह्यांना ते माहीत होतं, म्हणून ह्यांचा चेहरा घोडीपेक्षा वाईट झाला होता.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. दिली होती सारोळ्याकडं, हायवेच्या अंगाला. नवऱ्याचा धंदा वरातीच्या घोडीचा. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे आणि बाकीचे दिवस घोडी सांभाळायची. नवरा पानसुपारी खात बोलणी करायचा आणि घोडीचं सगळं वन्संकडं असायचं. मूलबाळ झालं नाही. पुढं नवरा गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोरोना आला. लग्नं बंद, वराती बंद. दीर म्हणाले, घोडी विकू. वन्सं म्हणाल्या, विकू नका, माझ्या वाटणीला हीच द्या, बाकी काही नको. दिरांना वाटलं बाई दुःखानं बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं घोडीवर बसून निघाल्या होत्या.

आमची वाडी भोरच्या पुढं, वेल्ह्याच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकडेला. सारोळ्यापासून बरंच लांब. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कापूरहोळच्या चौकात पोलिसांनी त्यांना अडवलं. ही गोष्ट वन्सं नेहमी सांगत, आणि दर वेळी पोलिसाचा हुद्दा वाढत जाई. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो साधा शिपाई होता. शेवटी शेवटी मोठा साहेब झाला होता.

“कुठं निघाला मावशी?” त्यानं विचारलं.

“म्हायेरी.”

“पास हाय का?”

“पास गाडीला लागतो. गाड्या बंद हायत, घोड्या कुठं बंद केल्यात? दावा मला कागदात.”

त्यानं म्हणे खरंच कागद काढून पाहिला. कागदात घोडी नव्हती.

“निदान तोंडाला तरी बांधा काहीतरी,” तो म्हणाला.

“कुणाच्या, माझ्या का हिच्या?”

तो हसला, बंद धाब्यावरून बादलीभर पाणी आणून त्यानं घोडीला पाजलं आणि सोडून दिलं.

माहेरी येणारी बाई पिशवी घेऊन येते. ही दारात आली ती पांढऱ्या घोडीवर, नऊवारीचा काष्टा मारून, पायात रबरी चप्पल. मी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, “वन्सं, तुमी ऱ्हावा. हिला कुठं ठिवायचं?”

“म्हशीशेजारी.”

“म्हस बिथरंल.”

“बिथरू द्या. म्या बी बिथरले व्हते नवीन घरात. चार दिसांत गप झाले.”

म्हैस चार दिवसांत गप झाली नाही. बरेच दिवस तिनं दूध चोरलं. मला घोडी आवडली नाही आणि मी ते तोंडावर सांगितलं. वन्संनी मनावर घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “वयनी, तुमी मला बी पयल्यांदा आवडला न्हवता.”

घोडीला नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, “नाव हाक मारायला लागतं. हाक लांब गेलेल्याला मारायची. ही कुठं जाती?” त्या तिला ‘बाई’ म्हणत. मलाही रागात ‘बाई’ म्हणत. त्यामुळे गोठ्यातून “बाई, पाय उचल” असं ऐकू आलं की मी चुलीपुढं पाय आखडून घेत असे.

वरातीचं सगळं सामान त्यांनी आणलं होतं. जरीची झूल, आरशाचा लगाम, डोक्याचा तुरा. त्यातलं एकही घोडीच्या अंगावर पुन्हा चढलं नाही. झूल फाडून त्यांनी माझ्या खिडकीला पडदे केले. आमच्या घरात दिवसा ऊन आलं की भिंतीवर जरीचे ठिपके पडत. पाहुणे विचारत, लग्न आहे का. पाठीवर टाकायला त्यांनी जुनी गोधडी चौघडी करून घेतली आणि वर साधं खोगीर. “हिनं आयुष्यभर नटून काढलं,” त्या म्हणत. “आता हिला घरातल्या कापडात राहू द्या.”

नवरदेवांवर त्यांचा राग होता. नवरदेव घोडीवर बसला की लगाम धरत नाही, मोबाईल धरतो. टाचा मारतो. उतरताना पोत्यासारखा पडतो. “येकानं बी उतरल्यावर हिच्या मानंवर हात फिरवला न्हाई,” त्या म्हणत. “बायकूचं पुढं काय झालं असंल ते त्यावरनंच कळतं.”

खाण्याच्या बाबतीत त्यांच्यासारखं कडक माणूस मी पाहिलं नाही. आमच्याकडं पावसाळ्यात बांधाबांधाला गवत असतं, फुकट, हवं तेवढं. आम्ही म्हशीपुढं भारा टाकतो आणि विसरतो. वन्सं घोडीला ओलं गवत देत नसत. पेंढी झटकायच्या, वास घ्यायच्या, बुरशीची एक काडी दिसली तरी अख्खी पेंढी म्हशीला. गव्हाचा कोंडा आणि भिजवलेले हरभरे, तेही मूठ मोजून. दिवसातून थोडं थोडं पुष्कळ वेळा. मला त्याचा वैताग यायचा. मी म्हणायचे, येकदाच घाला की पोटभर, सारखं काय उठायचं?

“म्हशीच्या पोटात कोठार हाय,” त्या म्हणायच्या. “भरून ठिवती आन् रातभर रवंथ करती. घोडीला नुसती नळी. आन् वयनी, घोडीला ओकता येत न्हाई. तुमाला जड झालं तर तुमी ओकाल, दादा ओकतील. हिनं गिळलं ते गिळलं. आता ते येकाच वाटंनं भाईर येनार.”

म्हणून सकाळी चहाच्या आधी त्या लीद बघायच्या. लोक पेपर बघतात तशी. काठीनं फोडून, वाकून, नीट. गोळे सुटे आणि ओलसर असले की चहा गोड लागायचा. कोरडी असली की चहा तसाच ठेवून पाण्याची बादली उचलायच्या. थंडीत घोडीला पाणी कोमट लागे. माझ्या चुलीवर आधी घोडीचं पाणी तापे, मग ह्यांच्या आंघोळीचं. हे एकदा कुरकुरले. वन्सं म्हणाल्या, “दादा, तुमी गार पान्यानं शिंकाल. ती मरंल.” हे पुन्हा बोलले नाहीत, नुसते शिंकले.

बाजाराच्या दिवशी वन्सं घोडीवरून भोरला जायच्या. चढाला खाली उतरत नसत, उताराला मात्र नक्की उतरायच्या. “उताराला सगळा भार तिच्या गुडघ्यांवर येतो. मला माझं गुडघं हायत.” वाटेत एसटी गाठायची. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, “आत्या, या आत, जागा हाय!”

“हिला घेतोस का?”

“बाईमानूसच हाय की. हाफ तिकीट फाडतो!”

“तुज्या यष्टीत चढून ती वंगाळ सवयी शिकंल. जा पुढं, धूर नको सोडू.”

एसटी पुढं जायची, चढावर दम खायची, आणि वन्सं मागून येऊन तिला ओलांडून जायच्या. हे मी स्वतः एसटीत बसून पाहिलं आहे. सगळी एसटी टाळ्या वाजवत होती. मी वाजवल्या नाहीत, मला ओळख दाखवायची नव्हती.

शनिवार-रविवार पुण्याची माणसं धरणाकडेला तंबू ठोकायला येतात. घोडी दिसली की गाडी थांबवतात. एक चक्कर मिळेल का, फोटोला मिळेल का. वन्सं माणसाला उभं करायच्या आणि त्याच्याभोवती फिरायच्या. दंड चाचपायच्या. एका जाड्या गृहस्थाला त्यांनी सांगितलं, “तुमी चालत जावा. घोडीला गरज न्हाई, तुमाला हाय.” त्याची बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या बायकोला मात्र वन्संनी घोडीवर बसवलं. पण आधी तिच्याकडून गोठा झाडून घेतला आणि घोडीबरोबर पाण्यापर्यंत चालत नेऊन आणलं. “वळख झाल्याबिगर पाठीवर बसायचं न्हाई. न वळखता बसत व्हते ते लई झाले.” ती बाई दर पावसाळ्यात येत राहिली. नवरा चालत यायचा. बारीक झाला नाही.

माणसांनाही त्या घोडीच्या मापानं बघत. शेजारच्या शेवंतानं लेकासाठी मुलगी बघायला त्यांना बरोबर नेलं, तर मुलगी पोह्यांचं ताट घेऊन येताना वन्सं तिच्या पायांकडं बघत बसल्या. नंतर म्हणाल्या, “डाव्या पायावर भार देत न्हाई, चप्पल बदला.” खरंच चप्पल चावत होती. लग्न जमलं. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी घोडीच्या पायाला लावायचं मोहरीचं तेल मला लावलं. तेही घोडीला लावून उरलेलं. मी म्हटलं, आधी मला लावा, मी घरची हाय. “ती जास्त वझं वाहती,” म्हणाल्या. गुडघ्यांना बरं वाटलं, वास चार दिवस गेला नाही.

आता त्या पोळ्याकडं येते.

पूर्वी आमच्या वाडीत पोळ्याला बैलांची रांग मारुतीपासून ओढ्यापर्यंत जायची. आता ट्रॅक्टर आले. त्या वर्षी वाडीत बैलांच्या दोन जोड्या उरल्या होत्या. त्यातली एक शर्यतीची. तिचा मालक बैलांना कुणाला हात लावू देत नाही, खायला घालणं लांबच. दुसरी जोडी म्हाताऱ्याची, बैलांना त्याच्याइतकेच दात. पण वाडीतल्या प्रत्येक घरात पुरण शिजलं होतं आणि प्रत्येक बाईच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. पोळ्याला कष्टाच्या जनावराला घास घातल्याशिवाय आमच्याकडं घरात कुणी जेवत नाही. ट्रॅक्टरला कुंकू लावता येतं, पोळी घालता येत नाही.

वाडीत कष्टाचं म्हणावं असं तिसरं जनावर एकच होतं.

वन्सं घरी असत्या तर अंगणातूनच सगळ्यांना परत धाडलं असतं. पण पोळ्याला जनावराच्या पाठीवर ओझं ठेवत नाहीत, हे त्यांनी घोडीलाही लागू केलं होतं. त्या दिवशी घोडीला सुट्टी म्हणून त्या एसटीनं भोरला गेल्या होत्या, तिच्यासाठी नवा कासरा आणायला. जाताना सांगून गेल्या, “दादा, ध्यान ठिवा.”

ह्यांनी ध्यान ठेवलं. घरच्या जनावराला घरचा घास आधी, म्हणून पहिली पोळी ह्यांनीच घातली. मग शेवंता आली. मग शेवंताची जाऊ आली. मग रांगच लागली. मी चुलीपाशी होते, पोळ्या लाटत होते. पोळ्याला अंगणात बाया येतात-जातात, त्यात बघायचं काय? बाया घोडीचे पाय धूत होत्या, कुंकू लावत होत्या, ओवाळत होत्या. घोडी मान हलवून खात होती. गूळ, वेलदोडा, तूप. तिनं जन्मात असं खाल्लं नव्हतं. हे प्रत्येकीला म्हणत होते, “घाला, घाला, सनाचा दिस हाय.”

दुपारच्या एसटीनं वन्सं आल्या तेव्हा घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती. वन्संनी हातातला कासरा खाली टाकला. “काय खाल्लं हिनं?” इतकंच विचारलं. तोवर घोडी बसली होती.

ह्यांनी भोरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या गावात एका गाईपाशी होत्या. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. त्या म्हणाल्या, “मी येते. तोवर तोंडात काहीही घालू नका. तेल नाही, सोडा नाही, कुणाचं औषध नाही. लोळू देऊ नका, आतडं पिळलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. उठवा आणि हळूहळू चालवा.”

उठवा म्हणणं सोपं होतं. सहा गडी लागले. दोर घातला, शेपटी धरली, पोटाखाली बांबू घातला. घोडी मान उचलायची आणि पुन्हा टाकायची. डोळे वर गेले होते. शर्यतीच्या बैलांचा मालकही आला. तो हळूच म्हणाला, “आत्या, ऱ्हाव द्या आता. तरास नको तिला.”

वन्संनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, “दोर सोडा समदे. हलगीवाला कुठाय?”

हलगीवाला मारुतीपाशी होता, मिरवणुकीची वाट बघत. त्याला पळत आणला.

“वरातीचं वाजीव.”

“आत्या, पोळ्याला वरातीचं?”

“तुला वाजिवता येतं का न्हाई?”

त्यानं वाजवलं. आधी बिचकत, मग जोरात. आम्हाला वाटलं बाईचं डोकं फिरलं. फुगलेल्या पोटाची घोडी मरायला टेकली आहे आणि अंगणात लग्नाची हलगी. मग घोडीचा एक कान वळला. मग दुसरा. आयुष्यभर ती एकच गोष्ट शिकली होती, बाजा वाजला की उभं राहायचं, ऊन असो, पाऊस असो, पाय दुखत असो. तिनं पुढचे पाय टेकले. वन्सं तिच्या कानाशी म्हणत होत्या, “चल बाई, नवरदेव आला. चल, मांडवात लोक खोळंबल्यात.” घोडी गुडघ्यावर आली, थरथरली आणि उठली. उठल्यावर तिनं दोन पावलं नाचून दाखवली. एवढ्या पोटानं.

कुणीतरी हसलं. मग ते रडलं. मला वाटतं ते आमचे हे होते.

मग मिरवणूक निघाली. वाडीत हलगी एकच. ती घोडीपुढं, म्हणून बैलांच्या दोन्ही जोड्यांना घोडीमागं यावं लागलं. म्हाताऱ्याचे बैल काही बोलले नाहीत. शर्यतीच्या बैलांचा मालक म्हणाला, “माझं बैल कुणाच्या मागं चालत न्हाईत.” वन्सं म्हणाल्या, “आज शिकतील.” मारुतीपासून धरणाच्या रस्त्यापर्यंत आणि परत, पुन्हा तेच. सगळी वाडी मागं. बाया तोंडाला पदर लावून. चालता चालता एकेकीला कबूल करावंसं वाटू लागलं.

“आत्या, म्या दोन घातल्या,” शेवंता म्हणाली.

“तूप?”

“लावलं व्हतं.”

“बरं केलंस, निदान घसरंल तरी.”

“आत्या, म्या कटाची वाटी पाजली,” तिची जाऊ म्हणाली.

“कटाची? तिखट?”

“झनझनीत न्हाई केली, सनाची केली.”

वन्सं चालतच होत्या. “दादा,” त्या म्हणाल्या, “माझ्या घोडीला आज तुमच्या गावानं जेवाय वाढलं. पापड तेवढा ऱ्हायला.” ह्यांना हसावं का रडावं कळेना. ते घोडीच्या शेपटीमागं चालत होते, नजर शेपटीवर. कारण आता सगळ्यांना कळलं होतं की वाट कशाची बघायची.

मध्येच वन्सं हात वर करायच्या. हलगी थांबायची. पोटातली गुरगुर ऐकायला वन्सं घोडीच्या कुशीला कान लावायच्या. अख्खी वाडी श्वास धरून उभी. लहान पोरंसुद्धा गप्प. बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्यासुद्धा कुणीतरी मुठीत धरायचा.

“न्हाई. वाजीव.”

पुन्हा हलगी, पुन्हा चालणं.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ऊन डोंगरावर टेकलं होतं. तरणी बाई, पायात गमबूट, हातात पेटी. मिरवणूक बघून त्यांनी गाडी बाजूला घेतली, त्यांना वाटलं वाट चुकली. घोडीच्या हिरड्या बघितल्या, कुशीला नळी लावून ऐकलं. दुखायचं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं. मग पेटीतून लांबलचक रबरी नळी काढली आणि म्हणाल्या, नाकातून पोटात घालायची आहे.

“नाकात?” वन्सं म्हणाल्या. “डॉक्टरीणबाई, हिच्या नाकाला म्या बी हात लावत न्हाई.”

“मावशी, तुम्ही डोकं धरा. तुमच्याशिवाय ती मला घालू देणार नाही.”

वन्संनी धरलं. नळी गेली. आंबलेल्या गुळाचा वास रस्ताभर पसरला, मग पातळ तेल आत गेलं. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, “माझं करून झालं. आतडं पिळलेलं नसेल तर सुटेल.”

“आन् असंल तर?” ह्यांनी विचारलं.

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. वन्सं ह्यांच्याकडं बघत होत्या. त्यांनी भोरहून आल्यापासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. शेवंता तांब्या घेऊन गेली तर त्यांनी मान वळवली. तांब्या आमच्या घरचा होता.

पुन्हा चालणं सुरू झालं. मारुतीच्या देवळापुढं घोडी आपली आपण थांबली. शेपटी थोडी वर झाली. आधी वारा सरला. इतका मोठा, की शर्यतीचे बैल दोन पावलं मागं सरले आणि हलगीवाल्यानं न सांगता एक टोला दिला. कुणी हसलं नाही. मग शेपटी पूर्ण वर झाली आणि देवळापुढच्या फरशीवर लीद पडली. पातळ, थोडी, पण पडली. थोड्या वेळानं आणखी पडली.

वन्सं वाकल्या. हातात घेतली, बोटांनी फोडली, वास घेतला.

“सुटली,” त्या म्हणाल्या.

मग जो दंगा झाला तसा वाडीत लग्नातही होत नाही. हलगी, शिट्ट्या, गुलाल. शर्यतीच्या बैलांच्या मालकानं बैलांसाठी आणलेला सगळा गुलाल घोडीवर उधळला. ती पांढरी घोडी गुलाबी झाली. डॉक्टरीणबाईंच्या गमबुटांवर गुलाल, ह्यांच्या टकलावर गुलाल. शेवंता कुंकवाची वाटी घेऊन लीदेकडं वाकली.

“ए बाई,” वन्सं ओरडल्या, “तिथं कुंकू लावू नको. देव केलात तर पुन्हा नैवेद्य आनाल!”

मग त्या देवळाच्या पायरीवर बसल्या. पाय चिखलानं भरलेले, केस सुटलेले. ह्यांना म्हणाल्या, “दादा, पानी आना.”

हे घरी धावले. त्या वयात धावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. तांब्या भरून आणला, अर्धा वाटेत सांडला. वन्संनी राहिलेला अर्धा पिऊन टाकला आणि तांब्या परत देत म्हणाल्या, “गार हाय. तापवून आनायचा.”

पुढच्या पोळ्याला बाया पुन्हा ताटं घेऊन आल्या. घास घातल्याशिवाय घरी जेवता येत नाही, त्या तरी काय करणार? वन्सं घोडीशेजारी पाट टाकून बसल्या. पाय घोडीचे धुवायचे, कुंकू घोडीला लावायचं, ओवाळायचं घोडीला, आणि पोळी वन्संच्या ताटात. “हिच्या वाटची म्या खाते,” म्हणाल्या. “मला ओकता येतं.” त्यांना साखरेचा त्रास होता, डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. मी म्हटलं, वन्सं, बास करा. त्या म्हणाल्या, सण आहे, गावाचं मन मोडू नये. त्यांनी गावाचं मन शेवटच्या ताटापर्यंत मोडलं नाही.

वन्सं गेल्या वर्षी गेल्या. ताप आला आणि दोन दिवसांत गेल्या. हे आहेत, ऐकू कमी येतं. मी आहे. घोडी आहे. सकाळी चहाच्या आधी लीद आता मी बघते.